संसाराचें एक पान

लग्नाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं, कीं नातवंडें आजी-आजोबांसाठीं चिकटवहीचें एक पान सजवितात. मधोमध हार घातलेल्या दोघांचा फोटो, भोंवतीं वेलबुट्टी, खालीं तारीख. हौस स्तुत्य आहे. परंतु त्या पानावर समारंभाचा एक दिवस दिसतो, पन्नास वर्षें दिसत नाहींत.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील डोंगरकडा या गांवीं १९७२ सालीं विवाह झालेलें एखादें जोडपें डोळ्यांपुढें आणावें. तो दुष्काळाचा काळ. अशा लग्नाचा फोटो निघालेला असेलच असें नाहीं. मग नातवंडांनीं पान कोरें ठेवावें काय? मुळींच नाहीं. ट्रंकेच्या तळाशीं लग्नपत्रिका सांपडेल. जुनें रेशनकार्ड, बियाण्याची पावती, मुलाच्या शाळेचा दाखला सांपडेल. आजीला विचारलें, तर दुष्काळी कामावर फोडलेली खडी, तेथें मिळालेली सुकडी आणि परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांची हकीकत निघेल. शेतांत पहिली हळद केव्हां लावली, तें आजोबा सांगतील. हें सारें त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावें.

तथापि सर्वांत आधीं विचारावयाची गोष्ट निराळी आहे. ती म्हणजे आजीचें माहेरचें नांव. लग्नांत ताटांतील तांदळांवर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल महाराष्ट्रांत पुष्कळ घरीं होती. तांदूळ हालविले, कीं अक्षरें मोडत; पण नांव जन्मभर राही. जुनें नांव मात्र माहेरच्या वडील माणसांबरोबर सरत जाई. आज तें सांगणारी बहुधा एकटी आजीच उरलेली असते.

या बाबतींत एका प्रसिद्ध दांपत्याचें उदाहरण बोधप्रद आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या बालविधवा गोदूबाई जोशी यांचा पुनर्विवाह ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला, आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. या विवाहामुळें मुरूडच्या ग्रामस्थांनीं कर्व्यांवर बहिष्कार घातला. पुढें १९१५ सालीं कर्व्यांचें 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झालें. आनंदीबाईंचें 'माझें पुराण' बाहेर पडावयास १९४४ साल उजाडलें. म्हणजे विवाहास एकावन्न वर्षें होऊन गेलीं होतीं. १९५० सालीं त्या वारल्या. आणखी थोडा विलंब झाला असता, तर आश्रम उभारणाऱ्या पतीची कथा उरली असती. पतीनें आपली सांठवण आश्रमाला वाहिल्यावर घर कसें चाललें, हें घर चालविणारीच्या तोंडून कळलें नसतें.

म्हणून चिकटवहीच्या पानाचेहि दोन भाग करावे. एका बाजूस आजोबांची हकीकत, दुसऱ्या बाजूस आजीची. दोहोंत मेळ बसला नाहीं, तरी कोणाचीच दुरुस्त करूं नये.

जपणुकीचेहि कांहीं नियम आहेत. अस्सल कागद कणकेच्या खळीनें डकवूं नयेत; खळीमुळें कसर लागते. चिकटपट्टीहि कालांतरानें पिवळी पडून डाग ठेवते. फोटो कागदी कोपऱ्यांत बसवावा. मागील बाजूस मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, नांवें व साल लिहावें. वर्तमानपत्राचें कात्रण लवकर पिवळें होऊन तुटतें. त्याची चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावावी.

पानाच्या माथ्यावर आजीचीं दोन्ही नांवें यावींत, आणि शक्य तर तीं तिच्याच हातून लिहवून घ्यावींत. तिला लिहितां येत नसेल, तर तिनें सांगावें आणि नातीनें लिहावें. या कामासाठीं समारंभाच्या तारखेची वाट पाहूं नये. ट्रंकेतले कागद आणखी कांहीं वर्षें टिकतील. आजीची आठवण तितकी टिकेलच, असें नाहीं.