डोळा लाल नाही, तरी दुखतो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



डोळ्यांचा डॉक्टर बोलायला उभा राहिला म्हणजे मोतीबिंदूवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आपल्या वयाला शोभतोही तोच विषय! पण मी बोलणार आहे तुमच्या मुलामुलींच्या वयातल्या आजाराबद्दल. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला येणारी सूज. बहुतेक पेशंट २० ते ४० वयातले, त्यात मुली जास्त.

एका डोळ्याने दोन-चार दिवसांत धूसर दिसू लागतं. डोळा फिरवला की आत दुखतं. लाल रंग त्या डोळ्याला विटका दिसतो. आरशात मात्र डोळा स्वच्छ. मग घरचे म्हणतात, मोबाइल कमी कर. नाहीतर चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला पाठवतात. नंबराचा इथे काही संबंध नाही. एकेक डोळा झाकून लाल वस्तू पाहायला सांगा. फरक वाटला, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

वायरवर प्लास्टिक असतं तसं या नसेवर मायलिनचं आवरण असतं. शरीराची प्रतिकारशक्तीच ते कुरतडते. हाच प्रकार मेंदूत आणि मज्जारज्जूत वारंवार झाला, की त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा एमएस म्हणतात. कित्येकांत त्याची पहिली खूण डोळ्यात दिसते.

गंमत अशी की काही आठवड्यांत नजर बहुधा आपोआप सुधारते. "आता दिसतंय की, एमआरआय कशाला?" हे मी नेहमी ऐकतो. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्यातल्या पेशंटना १५ वर्षं तपासत राहिले. सुरुवातीला मेंदूच्या एमआरआयमध्ये डाग नव्हते, त्यांच्यातल्या २५ टक्के लोकांना पुढे एमएस झाला. एक तरी डाग होता, त्यांच्यात ७२ टक्के. एमएस लवकर कळला तर पुढचे झटके कमी करणारी औषधं आज आहेत.

त्याच अभ्यासाने १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर येते. नुसत्या गोळ्यांनी सूज उलटण्याचं प्रमाण मात्र वाढलं. तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेऊ नका. एनएमओ नावाचा दुसरा आजारही असाच दिसतो. त्याची औषधं वेगळी, म्हणून रक्ततपासणीही लागते.

बऱ्या झालेल्यांना कडकडीत पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा उन्हात चालल्यावर थोडा वेळ पुन्हा अंधुक दिसतं. अंग थंड झालं की जातं. तो नवा झटका नव्हे. दिवसभर राहिलं तर मात्र दाखवा.

आणि कृपा करून आपल्या ग्रुपवर डोळ्याचा फोटो टाकून मला विचारू नका. फोटोत हा डोळा छानच दिसतो!