पायवाटेची खेळमोटार

खेळण्यांतील मोटार म्हटली कीं, चावी दिल्यावर घरभर सैरावैरा धांवून अखेर पलंगाखालीं अडकणारी पत्र्याची मोटारच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या खेळण्याची एक अशी जात निघाली आहे कीं, तिचें सारें भूषण मंदगतींत आहे. खऱ्या मालमोटारीची किंवा जीपची लहान प्रमाणावर केलेली हुबेहूब प्रतिकृति, चारी चाकांना मिळणारी विजेची शक्ति आणि हातांतील बिनतारी यंत्रानें तिला दाखविली जाणारी दिशा, असें तिचें स्वरूप असतें. ती घेऊन माणसें टेकडीवर व रानवाटेनें फिरावयास जातात. मोटार पुढें दगडधोंड्यांवरून चढत-उतरत जाते आणि तिचा धनी मागून पायीं चालतो.

या जातीचें मूळ जपानांत व वाढ अमेरिकेंत झाली. तामिया या जपानी कंपनीनें १९८१ सालीं टोयोटा हायलक्स या मालमोटारीची एक-दशांश प्रतिकृति काढली. तींत तीन गतींची दंतचक्रपेटी होती, आणि खऱ्या मोटारीस असतात तसे पोलादी पट्ट्यांचे पाटेही होते. १९८७ सालीं त्याच कंपनीचा ‘क्लॉड बस्टर’ आला. त्याच्या पुढच्या व मागच्या आंसावर एकेक स्वतंत्र मोटर होती आणि चारी चाकें वळत असत. हौशी लोकांनीं तेच आंस काढून आपल्या हातानें खडक चढणाऱ्या गाड्या बनविल्या. पुढें अमेरिकेंतील ॲक्शियल कंपनीनें २००९ सालीं ‘एससीएक्स-१०’ व ट्रॅक्सस कंपनीनें २०१७ सालीं ‘टीआरएक्स-४’ ही मोटार आणली, आणि जें पूर्वीं कारागिरांपुरतें होतें तें दुकानांत तयार मिळूं लागलें.

अशी मोटार निवडावी कशी, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. चांगली एक-दशांश मोटार म्हणजे एखाद्या बऱ्यापैकीं सायकलीहून महाग वस्तु. निवड चुकली म्हणजे चार दिवसांच्या कौतुकानंतर ती कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसते. त्यांत नुसते पैसेच जातात असें नाहीं. तिच्या निमित्तानें घराबाहेर पडूं लागलेला मुलगा पुन्हां घरांत येऊन बसतो, आणि त्याच्या सोबतीनें टेकडी चढूं लागलेल्या आजोबांचें फिरणेंही सुटतें. म्हणून खोक्यावरचें चित्र पाहण्यापूर्वीं, ज्या वाटेनें मोटार न्यावयाची ती वाट आणि तिच्यामागून जो चालणार त्याची चाल, या दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

पहिला मोह वेगाचा. ताशीं ५० किलोमीटर धांवणाऱ्या खेळमोटारीही बाजारांत आहेत, आणि मुलांचा ओढा स्वाभाविकपणेंच तिकडे असतो. पण हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारें १४ मीटर. अशी मोटार चालविणारा मैदानाच्या मध्यावर खांबासारखा उभा राहतो. धांवते ती मोटार, माणूस नव्हे. चढणाऱ्या मोटारीचें याच्या अगदीं उलट आहे. तिचें कोणतें चाक कोणत्या दगडावर टेकलें आहे हें दिसल्याशिवाय तिला पुढें नेतां येत नाहीं. बिनतारी यंत्राची हांक पुष्कळ दूर पोंचते खरी. परंतु माणसाच्या नजरेला पंधरा-वीस पावलांपलीकडे हा तपशील दिसत नाहीं. त्यामुळें धन्याला तिच्या मागोमाग जावेंच लागतें, मधूनमधून वांकून, प्रसंगीं गुडघा टेकूनही पाहावें लागतें. माणूस रमतगमत ताशीं ४ किलोमीटर चालतो. सपाटीवर मोटारीनें तेवढें चालावें आणि खडकावर गोगलगाईसारखें सरकावें, एवढीच तिच्यापासून अपेक्षा. दुकानांत तिची परीक्षा घ्यावयाची झाल्यास ती किती जोरानें पळते हें विचारूं नये. किती हळू, गचका न देतां, चालूं शकते हें पाहावें.

आकाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आज मुख्यतः तीन मापें मिळतात: एक-दशांश, एक-अष्टादशांश आणि एक-चोविसांश. पहिलें माप सुमारें हातभर लांब व अडीच-तीन किलो वजनाचें. शेवटचें दोन्ही तळहातांवर मावणारें, अर्ध्या किलोच्या आंतबाहेर. येथें गॅलिलिओची आठवण होते. १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, वस्तूचें माप बदलतें तेव्हां तिचें वजन आणि तिचें बळ सारख्या प्रमाणांत बदलत नाहींत. लांबी, रुंदी व उंची दहापट कमी केली तर वजन हजारपट उतरतें, परंतु दांड्याचा छेद शंभरपटच उतरतो. दोन हजार किलोची जीप या हिशेबानें दोन किलोची होते आणि आपल्या वजनाच्या मानानें दहापट मजबूत ठरते. म्हणूनच खेळमोटार कमरेइतक्या दरडीवरून कोलांट्या खात खालीं येते आणि सरळ केल्यावर कांहींच झालें नाहीं अशा थाटांत पुन्हां चालूं लागते. खऱ्या जीपनें त्याच प्रमाणांतील पतनानंतर असा थाट दाखविलेला नाहीं.

पण मोटार लहान झाली म्हणून टेकडी लहान होत नाहीं. घोट्याइतकें गवत चोविसांश मोटारीला अरण्य होतें, आणि मुठीएवढा दगड म्हणजे कडा. अंगणांतील रचलेले दगड, बागेची कड, किंवा पावसाळ्यांत दिवाणखान्यांत पुस्तकांचे केलेले डोंगर, यांवर ती फार गोड चालते. दोन-तीन किलोमीटरच्या पायवाटेवर मात्र धन्याला दर दहा पावलांवर तिला उचलावें लागतें, आणि फिरण्याची लय मोडते. तेथें एक-दशांश मापच हवें. अष्टादशांश मोटार ही मधली तडजोड. मळलेल्या, बारीक खड्यांच्या वाटेला ती पुरते, आणि लहान मुलाच्या पाठीवरील पिशवींत जाते. हा गुण क्षुल्लक समजूं नये. बॅटरी संपल्यावर तीन किलोचें धूड टेकडीवरून खालीं आणण्याचें काम बहुधा घरांतील वडील मंडळींकडेच येतें.

यंत्ररचनेपैकीं एकच गोष्ट नीट समजून घेतली कीं पुरे. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. तें त्याला तोडतां यावें म्हणून आंसाच्या मध्यभागीं डिफरन्शियल नांवाची दंतचक्रांची जुळणी असते. रस्त्यावर ती हवीच. परंतु खडकावर एक चाक अधांतरीं राहिलें कीं तीच जुळणी शक्ति त्या रिकाम्या चाकाकडे जाऊं देते. तें गरगर फिरतें आणि जमिनीवरचें चाक स्वस्थ बसतें. म्हणून चढाऊ मोटारींत दोन्ही चाकें एकमेकांना जखडून टाकतात. टीआरएक्स-४ सारख्या मोटारींत ही कुलपें हातांतील यंत्रावरून लावतां-काढतां येतात. कित्येक इतर मोटारींत तीं कायमचींच लावलेलीं असतात. मग वळण जरा मोठें घ्यावें लागतें, एवढेंच. केवळ फिरावयास जाणाऱ्यानें कायम जखडलेली मोटार खुशाल घ्यावी. बिघडावयाचे भाग तिच्यांत कमी असतात.

खऱ्यासारख्या दिसण्यालाही एक मोल द्यावें लागतें. जाड प्लॅस्टिकची देखणी कवचें वजनदार असतात. त्यांत हौशी मंडळी टपावर चिमुकले डबे, दोर, फावडीं लादतात, आणि गुरुत्वमध्य वर चढून मोटार आडव्या उतारावर कलंडते. पातळ पॉलिकार्बोनेटचें कवच दिसावयास थोडें उणें, चालावयास सरस. वजन घालावयाचेंच असेल तर तें टपावर नव्हे, पुढच्या चाकांपाशीं घालावें. पितळी भाग त्यासाठींच विकले जातात.

मोटरीच्या तारेचे वेढे जितके अधिक तितकी ती मंद व संथ चालीची. ३५ ते ५५ वेढ्यांची साधी मोटर या कामास उत्तम. घोडा सोडतांच मोटार चढावर जागच्या जागीं थांबून राहते कीं मागें घसरते, हें घेण्यापूर्वीं अवश्य तपासावें. जुन्या काळीं २७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्रांत स्फटिकांच्या जोड्या असत, आणि दोघांचे स्फटिक सारखे निघाले तर एकाच्या हुकमानें दुसऱ्याची मोटार दरींत जाई. आतांचीं २.४ गिगाहर्ट्झचीं यंत्रें आपापली मोटार ओळखतात; दहा जण एकत्र गेले तरी घोटाळा होत नाहीं.

सुटे भाग आणून घरीं जुळवावी कीं तयार घ्यावी, याविषयीं हौशी लोकांत मोठे वाद आहेत. घरांत चौदा-पंधरा वर्षांचें मूल असेल आणि कोणाला तरी त्याच्याजवळ बसण्यास वेळ असेल, तर सुटे भाग आणावेत. चार संध्याकाळींत तें जेवढें यंत्रशास्त्र शिकेल तेवढें क्रमिक पुस्तकांतून शिकणें कठीण. एरवीं तयार मोटार बरी. दोन्ही प्रकारांत कंपनीच्या नांवापेक्षां एक चौकशी अधिक महत्त्वाची, ती म्हणजे मोडलेला भाग आपल्या शहरांत मिळतो कीं नाहीं. तीस रुपयांच्या दांड्यासाठीं महिनाभर परदेशी टपालाची वाट पाहतांना मुलाचा उत्साह टिकत नाहीं.

सह्याद्रीच्या टेकड्यांवर नेणाऱ्यानें आणखी दोन शत्रु ओळखावेत. पावसाळा संपल्यावर वाळणारें कुसळी गवत आंसाभोंवतीं सुतासारखें गुंडाळतें. मधूनमधून तें चिमट्यानें काढलें नाहीं तर मोटर तापते. दुसरा शत्रु ओढ्याचें पाणी. विजेचे भाग पाण्यापासून सुरक्षित केलेले असले तरी चाकांतील छऱ्यांना गंज चढतोच. घरीं येतांच चाकें फिरवून पाणी झटकावें, मोटार वाऱ्यावर वाळवावी आणि छऱ्यांना तेलाचा एकेक थेंब द्यावा.

लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या बाबतींत हयगय नको. तिचा प्रत्येक घट भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. महिनाभर ठेवून द्यावयाची तर तो ३.८ च्या आसपास राखावा. मोटारीच्या वेग-नियंत्रकांत ‘लिथियम’ ही खूण लावलेली आहे ना, हें पहिल्याच दिवशीं पाहावें, म्हणजे घट फार खालीं उतरण्यापूर्वीं तो आपण होऊन मोटार थांबवितो. भरतांना कोणी तरी जवळ जागें असावें, आणि फुगलेली बॅटरी पुन्हां कधींही भरूं नये. टेकडीवर निघतांना भरलेली एक जादा बॅटरी, दोन मिलिमीटरची षट्कोनी किल्ली आणि चाकाच्या मळसूत्राचा सात मिलिमीटरचा पाना खिशांत असावा. एक-दशांश मोटारीचें सैल झालेलें चाक बहुधा घरापासून सर्वांत लांबच्या ठिकाणीं निघतें.