पेटीतली पेटी : शोधणे आणि बदलणे



आजच्या विषयाची जाहिरात वाचून माझ्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, हा विषय संगणकवाल्यांचा. तो या मांडवात कशाला?" मी म्हणालो, आपल्या मुलांचे निकाल, आपली विजेची बिले, बँकेतील खाती आणि दवाखान्यातील नोंदी आज ज्या मांडणीत राहतात, ती मांडणी आपल्याला मुळीच कळली नाही, तर चूक झाल्यावर नेमके काय विचारावे हेही आपल्याला कळणार नाही. म्हणून हा विषय या मांडवातलाच आहे.

प्रोग्रॅम लिहिणारे ज्याला 'ॲरे' म्हणतात, ती म्हणजे ओळीने मांडलेल्या कप्प्यांची पेटी. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. बहुतेक भाषांत पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य असतो. बोलण्याच्या सोयीसाठी आपण मात्र आपल्या रीतीने एकापासून मोजू. कप्प्यात आकडा ठेवता येतो, नाव ठेवता येते. आणि हवी तर दुसरी एक आख्खी पेटीही ठेवता येते. त्या पेटीत तिसरी, तिसरीत चौथी.

समजा, एका जिल्ह्यात १० तालुके आहेत, दर तालुक्यात २० शाळा, दर शाळेत १० वर्ग आणि दर वर्गात ४० विद्यार्थी. म्हणजे ८०,००० विद्यार्थी झाले. प्रत्येकाच्या पेटीत नाव, बैठक क्रमांक आणि गुण. आता यातला एक आकडा शोधायचा आहे. कसा शोधाल?

उत्तर फार सोपे आहे. पेटी उघडा. कप्प्यात कागद असेल तर तो वाचा. कप्प्यात पेटी असेल तर तिच्यावर हीच आज्ञा पुन्हा चालवा. संपले! पेट्या चार थरांच्या आहेत की चाळीस थरांच्या, हे आधी ठाऊक असावे लागत नाही. स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या या रीतीला 'रिकर्शन' म्हणतात. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प नावाची भाषा रचावयास घेतली. तिच्यावरील त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. यादीत यादी हाच त्या भाषेचा प्राण. यादीचे दोनच भाग मानावयाचे : पहिला घटक आणि उरलेली यादी. उरलेली यादी हीदेखील यादीच, म्हणून तिला तोच प्रश्न पुन्हा विचारावयाचा. यादी रिकामी झाली की थांबावयाचे. हे थांबणे विसरू नका. आतल्या एखाद्या कप्प्यात बाहेरच्याच पेटीकडे बोट दाखवणारी चिठ्ठी असेल, तर शोधणारा जन्मभर फिरत राहील. म्हणून पाहिलेल्या पेटीवर खूण करीत जावे लागते.

शोधणे असे सोपे आहे. खरी कसोटी पुढेच आहे, ती बदलण्याची.

समजा, एका मुलीला गणितात ७२ गुण मिळाले. नोंद करताना ४२ पडले. कोणी उतावळा आज्ञा देतो : "४२ सापडले की ७२ कर." काय होईल? ज्यांना खरोखरच ४२ गुण होते, ते सारे एका क्षणात हुशार होतील. आणि ज्याचा बैठक क्रमांक ४२, त्याचा क्रमांकही बदलेल. "पहिला ४२ सापडला की थांब," असे म्हटले तर बक्षीस भलत्यालाच मिळेल आणि आपली मुलगी होती तेथेच राहील. म्हणून शोधणाऱ्याने 'सापडले' एवढेच सांगून भागत नाही. कोणत्या वाटेने सापडले तेही सांगितले पाहिजे : तालुका ३, शाळा ११, वर्ग ६, विद्यार्थिनी २७, विषय गणित.

पण वाटही दगा देते. वर्गातील आधीचे एक नाव कमी झाले की २७वी मुलगी २६वी होते. जागा म्हणजे ओळख नव्हे. म्हणून शेवटच्या पेटीशी पोहोचल्यावर बैठक क्रमांक ताडून पाहावा आणि मगच लेखणी टेकवावी. आणि वाटेतली पेटीच नसेल तर? पर्ल या भाषेत अशा वेळी मधल्या पेट्या मुकाट्याने तयार होतात. सोय मोठी आहे. पण पत्त्यात एक अक्षर चुकले, तर मूळ मुलीच्या ठिकाणी काहीच न घडता भलत्याच नावाची एक नवी पेटी जन्माला येते, आणि तक्रार कोणीच करीत नाही.

याहून कपटी चूक आणखी एक आहे. कप्प्यात पेटी असते असे मी म्हणालो, ते पूर्ण खरे नाही. पुष्कळ भाषांत कप्प्यात पेटीचा पत्ता असतो. पायथन भाषेत शून्यांची एक ओळ करून ती दुसऱ्या पेटीत ठेवली आणि त्या बाहेरच्या पेटीला तीनाने गुणले, तर तीन ओळींचा तक्ता दिसतो. पण त्या तीन ओळी नसतात. एकाच ओळीचे तीन पत्ते असतात! एकीत गुण भरले की तिघींत उमटतात. नक्कल करतानाही हाच धोका. बाहेरची पेटी नवी केली, तरी आतले पत्ते जुन्याच पेट्यांचे राहतात. नक्कल सुधारली असे वाटते आणि अस्सल बिघडते.

मग ८०,००० पेट्यांची नक्कल करावयाची काय? नाही. ज्या वाटेने गेलो, तेवढ्याच पेट्या नव्या कराव्यात : जिल्हा, तालुका, शाळा, वर्ग आणि ती मुलगी. पाचच पेट्या! पहिल्या चार पेट्यांतले पत्ते १०, २०, १० आणि ४०, म्हणजे अवघे ८०. आणि त्या मुलीची एक गुणपत्रिका. बाकीचा सारा जिल्हा जुन्या व नव्या दप्तरात समाईक राहतो. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी रचलेली गिट ही पद्धतही प्रोग्रॅमांच्या निरनिराळ्या आवृत्त्या याच युक्तीने सांभाळते. समाईक पेट्या येथे घातक का ठरत नाहीत? कारण येथे जुन्या पेटीला कोणी हात लावावयाचा नाही, असा दंडक आहे. नव्या दप्तरात ७२ दिसतात. जुन्यात ४२ तसेच राहतात. तेव्हा काय होते, मग काय झाले, दोन्ही दाखवता येते.

मला आज सांगावयाचे होते ते एवढेच. शोधणाऱ्याची चूक झाली तर वेळ जातो. बदलणाऱ्याची चूक झाली तर दुसऱ्याचे नशीब बदलते, आणि ज्याचे बदलले त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून उद्या कोणी आपल्याला सांगितले की, "तुमची नोंद दुरुस्त केली," तर आनंद मानण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : माझीच नोंद हे कशावरून ठरवले? तिच्याबरोबर आणखी कोणाची बदलली? आणि जुनी नोंद पाहावयास मिळेल काय? या तिन्हींची उत्तरे देता येतील अशी मांडणी करणे अवघड नाही. पाच पेट्यांचे काम आहे. मात्र ते आधी करून ठेवावे लागते.