नियम एकीसाठी वाकवला तर

हातातलं काम चालू असू द्या, कान तेवढे इकडं ठेवा. आमच्या गटाच्या गोधड्या घेऊन मी फ्रान्सच्या प्रदर्शनाला जाऊन आले, तेव्हापासून तुम्ही विचारताय, "ताई, तिकडं पाहिलंत काय?" आज त्यातलं एकच सांगते.

प्रदर्शन मार्सेय शहरात होतं. १९१० साली सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी मारली, तेच हे बंदर. शेवटच्या दिवशी आम्ही चौघी जणी जवळची बेटं बघायला निघालो. जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी ताज्या मासळीचा बाजार भरतो. विकायला बायाही होत्या. भाषा कळेना, पण घासाघीस बघून आपल्याच आठवडी बाजारात आल्यासारखं वाटलं.

तिथूनच लाँच सुटते. अर्ध्या-पाऊण तासात फ्रिऊल बेटं येतात. आधी लागतं इफ. त्यावर किल्ला आहे, पुढं त्याचाच तुरुंग झाला. मग रातोनो आणि पोमेग. ही दोन बेटं दगडी बांध घालून जोडलेली आहेत. मला वाटलं होतं, बेट म्हणजे हिरवंगार असेल. कसलं काय! पांढरा खडक, खुरटी झुडपं, पाऊस कमी. आपला माळच उचलून समुद्रात ठेवलाय जणू. वारा तर असा की पदर खोचूनच चालावं लागलं.

रातोनोवर उंचावर एक जुना दवाखाना आहे, १८२८ साली बांधून झालेला. परदेशी जहाजावर साथीचा आजार असेल, तर माणसं शहरात न नेता इथं ठेवायची. कोरोनात मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्या माणसांना शाळेत चौदा दिवस ठेवलं होतं ना, तसंच. वारा खेळता राहावा म्हणून जागाही मुद्दाम उघड्यावर निवडलेली. पोमेगला तर त्याच्याही कितीतरी आधीपासून जहाजं थांबवून ठेवत.

तरी १७२० साली घात झालाच. मे महिन्यात पूर्वेकडच्या बंदरांतून कापूस आणि रेशमी-सुती कापड घेऊन एक जहाज आलं. वाटेत खलाशी मेले होते, जहाजावरचा वैद्यही गेला होता. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरानं त्याला आत घेतलं नव्हतं. मार्सेयचा नियम स्पष्ट होता, असं संशयाचं जहाज लांबच्या बेटावर थांबवायचं. पण माल किमती होता. जुलैच्या मोठ्या जत्रेत तो विकायचा होता. शिवाय मालात नगराच्या एका बड्या कारभाऱ्याचाही हिस्सा होता. मग काय, शहराला लागूनच असलेल्या जागेत माल उतरवायला परवानगी मिळाली. गाठी सोडणारे हमाल आधी गेले. मग प्लेग गल्लीबोळांत शिरला. शहरातली जवळजवळ निम्मी माणसं मेली. पुढं जहाज जाळलं, कप्तानाला इफच्या किल्ल्यात डांबलं. पण गेलेली माणसं काही परत आली नाहीत.

ते ऐकताना मी गप्प झाले. सोबतच्या मैत्रिणीनं विचारलं, "काय गं, काय झालं?" तिला तेव्हा सांगितलं नाही, आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

आमच्या एका गटाचा नियम होता, जुना हप्ता थकला असेल तर नवं कर्ज नाही. गावात वजन असलेल्या घरातल्या एका सभासदानं नवं कर्ज मागितलं. तिचे तीन हप्ते थकले होते. अध्यक्षाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "असू द्या एवढ्या वेळी." पुढच्याच महिन्यात आणखी चौघींनी हप्ता भरला नाही. "तिला चालतं, मग आम्हाला का नाही?" उत्तर कुणाकडंच नव्हतं. पेटी रिकामी झाली. त्याच महिन्यात एका विधवा सभासदाची कर्जाची पाळी होती. तिच्या मुलीची फी भरायची होती. गटात पैसे नाहीत म्हणून तिनं दुभती शेळी विकली. तिनं आयुष्यात एक हप्ता चुकवला नव्हता.

नियम वाकवला मोठ्या घरासाठी, किंमत मोजली गरिबानं. तिकडंही तेच, इथंही तेच.

पण त्या दवाखान्यानं मला आणखी एक शिकवलं. थांबवायचं म्हणजे हाकलून द्यायचं नाही. थांबवलेल्या माणसाची सोयही करायची. एखादीचा हप्ता खरंच अडचणीमुळं थकला, तर तिला बैठकीत बोलू द्या. हप्ता लहान करा, मुदत वाढवा. मात्र ते सगळ्यांसमोर ठरू द्या, वहीत लिहा, आणि उद्या दुसरीवर तीच वेळ आली तर तिलाही तेच द्या.

त्या गटाच्या बैठकीत मी माझी चूक कबूल केली आणि थकबाकीचे हप्ते नव्यानं बांधून घेतले. पेटी हळूहळू भरतेय. शेळी मात्र गेली ती गेलीच.

येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटाचे नियम मोठ्यानं वाचा आणि स्वतःलाच विचारा, यातला कुठला नियम आपण कुणाचं तोंड बघून वाकवलाय?

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.