परदेशातील रस्ता आणि आपली सवय

(मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मंद्रूपहून विजयपूरकडे निघालेला माणूस भीमा ओलांडतो तेव्हा फलकांवरची लिपी बदलते. वाहने मात्र डाव्याच बाजूने चालत राहतात. अमेरिकेत किंवा आखाती देशांत उतरणाऱ्या आपल्या माणसाचे नेमके उलटे होते. इंग्रजी फलक त्याला वाचता येतात, पण तेथील वाहतूक उजव्या बाजूने चालते. मुलांकडे चार-सहा महिने राहावयास जाणारे आईवडील आता खेड्यापाड्यांतही आहेत, म्हणून हा विषय येथे मांडतो.

परवान्याची बाब सोपी आहे. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आपल्याच परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत फार तर एक वर्ष असते आणि मूळ भारतीय परवाना जवळ बाळगावाच लागतो. अमेरिकेत तर राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत; ते निघण्यापूर्वीच पाहून घ्यावेत.

खरी अडचण आहे ती सवयीची. रस्ता ओलांडताना आपली मान आधी उजवीकडे वळते. तेथे पहिले वाहन डावीकडून येते. १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर विन्स्टन चर्चिल यांना मोटारीची धडक बसली व ते जबर जखमी झाले. इंग्लंडच्या सवयीने त्यांनी भलत्याच बाजूला पाहिले होते. ते मोटार चालवीत नव्हते, पायी होते, हे ध्यानात घ्यावे. सकाळी फिरावयास निघणाऱ्या आजोबांना असलेला धोका हाच.

चालकाची चूक गर्दीत सहसा होत नाही, कारण पुढचे वाहन वाट दाखविते. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा वळण घेतल्यावर हात नकळत गाडी डावीकडे नेतो. अशा वेळी शेजारी बसलेल्याने मोठ्याने "उजवीकडे" म्हणावे. यात कसला आला संकोच?

शिक्षक मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवीत थांबली, की मध्ये दुभाजक नसल्यास समोरून येणाऱ्या मोटारींनीही थांबावयाचे असते. हॉर्न वाजवून पुढे सरकण्याची आपली रीत तेथे गुन्हा ठरते.

विमानातून उतरल्या दिवशी, झोप पुरी झाल्याखेरीज, गाडी हाती घेऊ नये. वृद्धांच्या खिशात घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. त्याच चिठ्ठीवर मदतीचा क्रमांकही लिहावा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघाच्या देशांत ११२.