कपाटाची किल्ली कपाटात

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दूध संघाच्या कार्यालयात रात्री साडेअकरा वाजता बसून चहा पिण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर आला असेल. माझ्यावर तो २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. वसुबारस तोंडावर होती. संघाच्या सभासदांना दर दहा दिवसांनी दुधाचे बिल मिळते, आणि दिवाळीपूर्वीच्या बिलात वर्षाचा दरफरकही असतो. त्या पैशांवर घरोघरी कपडे, किराणा, उसनवारी असे सगळे आधीच ठरलेले असते. ही बिले ज्या सर्व्हरवर तयार होत त्याच्या तीन डिस्कपैकी एक आठवड्यापूर्वी बंद पडली होती आणि दुसरी अडखळू लागली होती. संघाने नुकताच एक मोठा नवा सर्व्हर घेतला होता. मी सुचवले की जुन्या सर्व्हरची जशीच्या तशी नक्कल घेऊ आणि ती नव्याच्या पोटात आभासी यंत्र म्हणून, म्हणजे व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवू. व्यवस्थापक म्हणाले, "करा, पण सकाळी दहाला बिले छपाईला घ्यायची आहेत." दोन तासांचे काम आहे, असे मी मोठ्या ऐटीत सांगितले.

नक्कल व्यवस्थित झाली. आभासी यंत्र सुरू केले. विंडोजचे चिन्ह पडद्यावर आले, क्षणभर थांबले आणि निळा पडदा. पुन्हा सुरुवात, पुन्हा चिन्ह, पुन्हा निळा पडदा. त्यावर एक सांकेतिक क्रमांक होता: शून्य एक्स सात बी. त्याचा अर्थ असा की, ज्या डिस्कवरून मी सुरू व्हायचे ती डिस्कच मला सापडत नाही.

माझ्याबरोबर संघाचे लेखापाल बसले होते. माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी विचारले, "अहो, डिस्क सापडत नाही म्हणतंय, मग ते चिन्ह कुठनं आलं? त्याच डिस्कवरनं ना?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर समजले की अर्धा विषय समजतो. संगणक सुरू होताना पहिल्या काही क्षणांत डिस्क वाचून देण्याचे काम बायोस नावाची मूळ यंत्रणा करते. ती आपल्याला दारापर्यंत सोडायला येणाऱ्या पाहुण्यासारखी असते. दारापर्यंत आणले की ती बाजूला होते आणि पुढचा कारभार विंडोज आपल्या हाती घेते. मात्र विंडोजला डिस्कशी बोलायचे तर दुभाषा लागतो. त्या दुभाष्यालाच ड्रायव्हर म्हणतात. जुन्या सर्व्हरमध्ये डिस्क एका खास कार्डाला जोडलेल्या होत्या आणि त्या कार्डाची भाषा जाणणारा दुभाषा विंडोजकडे होता. नव्या घरात ते कार्ड नव्हतेच. नवा दुभाषा हवा होता. तो डिस्कवर ठेवावा, तर डिस्क वाचायलाच दुभाषा पाहिजे.

अण्णा म्हणाले, "म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात राहिली."

आता हे आभासी यंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकातच एका मोठ्या संगणकाचे अनेक संगणक भासवण्याचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम ३७० ही प्रणाली बाजारात आणली. आपल्या साध्या सर्व्हरवर ही कला व्हीएमवेअर, झेन अशा प्रणालींनी रुजवली. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही सोय २००७ मध्ये आली, आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही आली. या सर्वांचे काम आपल्याकडच्या बहुरूप्यासारखे आहे. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी यायचा, पोलिसाचा वेष करून वॉरंट काढायचा, आणि आजी खरेच घाबरायची. यजमान सर्व्हरही तसाच. तो आतल्या विंडोजसमोर कधी इंटेलचे नेटवर्क कार्ड होऊन येतो, कधी जुन्या पद्धतीची आयडीई डिस्क होऊन. विंडोजला ते खरे वाटते, कारण या जुन्या वस्तूंचे दुभाषे तिच्याकडे आधीपासूनच असतात.

पण सोंग वठवायला कष्ट पडतात. जुन्या कार्डाची प्रत्येक लकब हुबेहूब करून दाखवण्यात वेळ जातो. म्हणून पुढे दुसरा मार्ग निघाला. बहुरूप्याने सरळ सांगायचे, "बाई, मी पोलीस नाही, मी अमुक, आपण थेट बोलू." केव्हीएममध्ये या थेट बोलण्याला व्हर्टआयओ म्हणतात. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने त्याची आखणी केली. वेग चांगला मिळतो, पण ही भाषा विंडोजला जन्मजात येत नाही. तिचा ड्रायव्हर बाहेरून आणून द्यावा लागतो. वेग हवा म्हणून मी त्या रात्री नेमका हाच प्रकार निवडला होता, आणि दुभाषा द्यायला विसरलो होतो.

चूक कळल्यावर मी डिस्कचा प्रकार बदलून आयडीई केला. पुन्हा सात बी. मग मात्र माझा धीर सुटला. प्रोसेसरची संख्या बदल, मेमरी कमी कर, प्रकार पुन्हा बदल, असे दीड तास चालले. एक वाजून गेल्यावर अण्णांनी विचारले, "तुम्ही मघापासून काय काय बदललंत ते कुठं लिहून ठेवलंय का?" लिहिलेले काहीच नव्हते. त्यांनी कोऱ्या पाठीच्या रद्द व्हाउचरांची चळत पुढे सरकवली. "एका ओळीत एकच नोंद," ते म्हणाले. हिशेबाच्या माणसाला त्याशिवाय चैन पडत नाही. मी सगळे मूळ स्थितीला आणले आणि नोंद करत एकेक पाऊल टाकू लागलो. जुने मशीन पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह दोनदा झाला. अडखळणारी डिस्क कायमची गेली तर परतीची वाटच बंद होईल म्हणून तो आवरला.

आयडीईवरही तीच अडचण का? विंडोजकडे आयडीईचा दुभाषा होता, पण जुन्या सर्व्हरवर त्याचे काम पडत नसल्याने तो झोपलेला होता. विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत प्रत्येक ड्रायव्हरपुढे स्टार्ट नावाचा आकडा असतो. ० म्हणजे अगदी आरंभापासून जागे राहा, ३ म्हणजे बोलावल्यावर या. आमच्या दुभाष्यापुढे ३ होता. आता विंडोज सुरूच होत नसताना तिच्या नोंदवहीत लिहायचे कसे? त्यासाठी विंडोजच्या सीडीवरून यंत्र सुरू करून दुरुस्तीची खिडकी उघडतात आणि झोपलेल्या विंडोजची नोंदवही बाहेरून उघडतात. मी तसे केले. ३ पुसून ० लिहिला. व्हाउचरवर नोंद केली. दोन वाजून काही मिनिटांनी विंडोजने पासवर्ड विचारला.

पण आयडीईचा वेग फार कमी. हजारो सभासदांची बिले त्यावर सकाळपर्यंत निघाली नसती. इथे एक युक्ती आहे, आणि ही अडचण ज्यांना येते त्यांनी ती जरूर टिपून ठेवावी. मूळ डिस्क आयडीईवरच ठेवायची आणि शेजारी एक जीबीची रिकामी, व्हर्टआयओ प्रकारची दुसरी डिस्क जोडायची. विंडोज तिच्या मानाने नव्या पाहुण्याला पाहून ड्रायव्हर मागते. व्हर्टआयओच्या सीडीवरून तो द्यायचा. एकदा दुभाषा कामाला लागला की यंत्र बंद करायचे, मूळ डिस्कही व्हर्टआयओ करायची आणि पुन्हा सुरू करायचे. चिल्लर पाहुण्याच्या निमित्ताने आलेला दुभाषा मग यजमानाच्याही कामाला येतो. अडीच वाजता आमचे यंत्र पूर्ण वेगाने उभे राहिले.

अण्णांनी थर्मासमधला उरलेला चहा ओतला, आणि तेवढ्यात लक्षात आले की एकाही संगणकावरून सर्व्हरशी जोडणी होत नाही. जुन्या नेटवर्क कार्डाला ठरावीक आयपी पत्ता दिलेला होता. नव्या, आभासी कार्डाला तोच द्यायला गेलो तर विंडोज म्हणाली की हा पत्ता दुसऱ्या एका कार्डाकडे आहे. ते दुसरे कार्ड तर जुन्या पेटीत, बंद! पण विंडोजच्या वहीत त्याचे नाव कायम होते, एखाद्या रेशनकार्डावर बाहेरगावी गेलेल्या भावाचे राहते तसे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याची सोय आहे. विंडोजच्या या आवृत्तीत त्याआधी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागे. मग फिकट रंगात जुनी कार्डे दिसू लागतात. ती काढून टाकली की पत्ता मोकळा होतो. याला पंधरा मिनिटे लागली, बिलाच्या प्रोग्रामचा यूएसबी लॉक नव्या यंत्राला ओळखीचा करून देण्यात आणखी अर्धा तास गेला. कुलुपासारखी ती चिमुकली वस्तू यजमान सर्व्हरला लावायची आणि तिथून आत सोपवायची, एवढेच ते काम. पण पहाटे साडेतीनला साधी कामेही साधी राहत नाहीत.

राहिली ती पिवळी उद्गारचिन्हे. ड्रायव्हर न मिळालेल्या उपकरणापुढे डिव्हाइस मॅनेजर असे चिन्ह लावतो आणि नाव मोघम देतो, त्यामुळे माणूस बावचळतो. त्या नावाकडे पाहू नये. उपकरणाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी असतो, त्यातला कंपनीचा क्रमांक वाचावा. १ ए एफ ४ असेल तर ते व्हर्टआयओचे उपकरण. १५ ए डी असेल तर व्हीएमवेअरचे. आणि ८०८६ असेल तर इंटेलचे. १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नाव इंटेलने असे जपले आहे. कोणाचे सोंग आहे हे कळले की कोणती सीडी घालायची हे आपोआप ठरते.

नव्याने विंडोज सर्व्हर बसवताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. डिस्क निवडायच्या पायरीवर यादी रिकामी दिसते. डिस्क बिघडलेली नसते. व्हर्टआयओची दुसरी सीडी जोडून 'लोड ड्रायव्हर' या बटणाने योग्य फोल्डर दाखवायचा असतो. तिथे एएमडी ६४ असे नाव दिसले की इंटेलचा सर्व्हर असलेले लोक मागे फिरतात. मी स्वतः एकदा फिरलो आहे. ते नाव फक्त चौसष्ट बिटांच्या पद्धतीचे आहे, इंटेललाही तेच लागते. शिवाय डिस्क साध्या व्हर्टआयओची आहे की व्हर्टआयओ स्कझीची, यावर फोल्डर बदलतो.

इतक्या वर्षांनी हे सांगायचे कारण, त्या रात्रीचा सात बी पुन्हा घरोघर दिसू लागला आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. खर्चाचे गणित बदलल्याने अनेक कार्यालये आपली आभासी यंत्रे केव्हीएमवर आधारलेल्या प्रणालींवर हलवत आहेत. डिस्कचे कार्ड बदलते, दुभाषा बदलतो, निळा पडदा येतो. अशांना माझे सांगणे एवढेच की हलवण्याआधी, यंत्र जुन्या घरात धडधाकट असतानाच तयारी करा. आयपी पत्ते कागदावर लिहा. व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधीच बसवा. व्हीएमवेअर टूल्स तिथेच काढून टाका; बाहेर आल्यावर ती काढायला गेलात की नकार देतात. आणि हे करूनही पहिली सुरुवात आयडीई किंवा साटा डिस्कवर करून एक जीबीची युक्ती वापरा, कारण ड्रायव्हर बसवलेला असणे आणि आरंभापासून जागा असणे या दोन गोष्टी आहेत.

आभासी यंत्राचा एक मोठा फायदा १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. टेबलावरच्या संगणकांसाठी बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष जावे लागले. आभासी सर्व्हरची डिस्क मात्र सोडवून दुसऱ्या धडधाकट यंत्राला जोडता येत होती. फाइल पुसायची आणि डिस्क परत जागेवर. कपाट उचलून शेजाऱ्याकडे नेता आले, तर किल्ली आत असली तरी चालते.

आमच्या संघात सकाळी दहाला छपाई सुरू झाली ती सव्वादहाला. अण्णांनी पहिली पाच बिले वहीशी ताडून पाहिली आणि मग घरी गेले. ती व्हाउचरे त्यांनी फाइलला लावून ठेवली होती. विंडोज सर्व्हर २००८ आर टू ची ती आवृत्ती होती; तिचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला, तेव्हा तिथल्या नव्या मुलाने यंत्र बदलायला घेतले. त्याचा मला फोन आला. "सर, इथे एक जीबीची एक डिस्क आहे, पूर्ण रिकामी. कशाला जोडली असेल? काढू का?"