मुलांचा दमा आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजविणारी. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी डॉक्टर नाही, वक्ती तर नाहीच. पण माझ्या नातवाचा खोकला आपल्या साऱ्या चाळीने ऐकलेला आहे. २०१८ च्या पावसाळ्यात तो सहा वर्षांचा होता. रात्री दोन-दोन वाजता उठून बसे आणि श्वासासाठी तडफडे. त्यातून जे शिकले तेवढे सांगते.

आधी माझी चूक. मी केळे बंद केले, दही बंद केले, सुनेलाही चार शब्द ऐकविले. डॉक्टरांनी दिलेला पंप मात्र ‘सवय लागेल’ म्हणून कपाटात ठेवला. डॉक्टरांनी मला हिशेबच मांडून दाखविला. साल्ब्युटामॉलची गोळी २ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या हिश्श्याइतके, आणि तेही थेट श्वासनळीत जाणारे. मी खाली मान घातली. मग त्यांनी विचारले, “आजी, मूल निजते कुठे?”

घरी येऊन पाहिले. भिंतीला ओल, पोपड्यांखाली काळी बुरशी. तिला लागून जुनी कापसाची गादी. अंगावर मी सासूबाईंच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. उशाशी रात्रभर डासांची कॉइल.

गादी-उशांत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. आपल्या त्वचेचा गळणारा कोंडा हे त्यांचे खाद्य, आणि दमट हवा त्यांना मानवते. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासातून गेले की पुष्कळ दमेकरी मुलांच्या श्वासनळ्या सुजतात, आवळतात. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हे किडे आहेत, असे हॉलंडमधील लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांना आणखी काय हवे! आणि कॉइल? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. आमच्या घरात विडीला बंदी, आणि पोराच्या उशाशी हे!

गोधडी मी टाकली नाही. दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुते. गादी-उशांना घट्ट विणीच्या, चेन लावलेल्या खोळी घातल्या. गळकी भिंत दुरुस्त करून घेतली. कॉइल जाऊन मच्छरदाणी आली. देवापुढे धूप न जाळता निरांजन लावते. देव काही रागावला नाही. झुरळे येऊ नयेत म्हणून रात्री खरकटे ठेवीत नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसते. डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे औषधही नेमाने चालू आहे; स्वच्छता म्हणजे औषधाची बदली नव्हे. त्यानंतर रात्री-अपरात्री इस्पितळाकडे धावण्याची वेळ आली नाही.

प्रत्येक मुलाला बाधणारी गोष्ट निराळी असते. म्हणून एक वही करा. कोणत्या रात्री त्रास झाला आणि त्या दिवशी घरात काय घडले, एवढेच लिहा. मात्र मुलाला एका दमात वाक्य पुरे करता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वही बाजूला ठेवून, पंप देत थेट इस्पितळ गाठा.

आता थोडे अवघड बोलते. माझ्या वहीत एप्रिल-मे महिन्यांत ‘गॅलरीत मिरच्या भाजल्या’ हे शब्द तीनदा आले आहेत, आणि तिन्ही रात्री वाईट गेल्या. तो मसाला आपल्या मंडळाचाच. त्यावर कित्येकींच्या घराला हातभार लागतो, माझ्याही. तो बंद करा असे मी कशी म्हणेन? एवढीच विनंती की भाजणी गच्चीवर न्यावी आणि आदल्या दिवशी फळ्यावर तशी सूचना लिहावी, म्हणजे आम्ही दारे-खिडक्या लावून घेऊ. शेगडी वर चढवायला पहिला हात माझा.

आपले घर आपण झाडतो. पण हवा सगळ्या चाळीची एकच आहे.